दिसत नाही म्हणून पुसू नका
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी जामचा. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव नकाशात शोधायला जरा बारीक आहे. पण नागपूरहून दक्षिणेकडे निघालेल्या माणसानं ते पाहिलेलं असतंच. कारण इथे रस्ता फुटतो. एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. गावाच्या नावावरून बाहेरचे लोक आमची थट्टा करतात, की तुमच्याकडे सगळंच जाम होत असेल. खरं सांगायचं तर चौकातून रात्रंदिवस ट्रक धावत असतात. जाम झालेलं जे काही येतं ते माझ्या दुकानात येतं.

माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पंचवीसेक वर्षं मी आजूबाजूच्या गावांतून लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलं. आता फोटो काढायला फारसं कुणी येत नाही, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. येतात ते जुन्या व्हिडिओची तक्रार घेऊन. ‘चित्र दिसते, आवाज नाही.’ ‘आवाज येते, पडदा काळा.’ ‘नवरदेव अडकत अडकत चालते.’ आणि शेवटचा प्रश्न ठरलेला : ‘हे खराब झालं का जी?’

आज मला या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असं असतं. पण ते कळण्याआधीच लोक फाइल पुसून टाकतात. हे मी इतक्या खात्रीनं सांगतो, कारण एकदा ती चूक मी स्वतः केली आहे.

२००८ सालची गोष्ट. तोवर मी कॅसेटवर शूटिंग करत होतो. मिनी डीव्ही नावाची आगपेटीपेक्षा जरा मोठी कॅसेट असायची, तासाभराची. त्या वर्षी मी उधार-उसनवार करून मेमरी कार्डवर चालणारा नवा कॅमेरा घेतला. पहिलंच लग्न जवळच्या एका खेड्यातलं. रात्री दुकानात येऊन कार्ड संगणकाला लावलं. फाइलींची नावं दिसली, शून्य शून्य शून्य शून्य शून्य, पुढे एम टी एस. उघडायला गेलो तर संगणक म्हणाला, ही फाइल चालवता येत नाही. दुसरी उघडली, तेच. मला घाम फुटला. वाटलं, कॅमेऱ्यानं काहीच नीट टिपलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं लग्न होतं आणि कार्ड एकच. मी ते कार्ड फॉरमॅट केलं आणि त्यावर दुसरं लग्न उतरवून घेतलं.

आठवड्यानं हिंगणघाटला एका जाणकारानं दाखवलं, की फाइली उत्तम असतात, फक्त माझ्या जुन्या संगणकाला त्या वाचता येत नाहीत. दुसरं लग्न झकास दिसत होतं. पहिलं मी माझ्या हातानं पुसलेलं होतं. मी पैसे परत केले, हात जोडले. त्या घरातल्या माणसांनी मला एक शब्द बोलला नाही. नवरीची आजी मात्र एवढंच म्हणाली, ‘मी तं सायीच्या पातयात होती ना रे बावा, आता कोण पाहीन?’ ती सोवळ्यातली, ठेवणीतलं नेसून एकदाच मांडवात मिरवली होती. ते परत आणायचा कोणताच उपाय माझ्याकडे नव्हता.

तर श्रोतेहो, माझ्या फाइलीला झालं होतं काय?

आपल्याकडे पुष्कळांच्या घरी जुन्या ट्रंकेत मोडी लिपीतले कागद असतात. वाटणीपत्र असेल, गहाणखत असेल. आज घरात कुणालाही ते वाचता येत नाही. म्हणून आपण कागद फाडतो का? नाही. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, उणीव आपल्या डोळ्यांत आहे हे आपल्याला कळतं. आपण मोडी जाणणारा माणूस शोधतो. व्हिडिओच्या फाइलीचं नेमकं तसंच आहे.

फाइलीच्या नावापुढची जी अक्षरं असतात, एमटीएस, एव्हीआय, एमओव्ही, एमपी फोर, ते डब्याचं नाव समजा. डब्यात दोन कप्पे, एकात चित्र आणि दुसऱ्यात आवाज. प्रत्येक कप्प्यातला माल आपापल्या लिपीत दाबून भरलेला असतो. या लिपीला ‘कोडेक’ म्हणतात. संगणकाला डबा उघडता आला, चित्राची लिपी आली, पण आवाजाची आली नाही, तर मुका सिनेमा दिसतो. उलट झालं तर काळ्या पडद्यावर नुसती मंगलाष्टकं ऐकू येतात. म्हणजे एक कप्पा चालतो आहे, दुसऱ्याची लिपी हवी आहे, इतकाच त्याचा अर्थ.

आता ही लिपी सारखी बदलली का? जागेसाठी. मिनी डीव्ही कॅसेटवरचा एक तास संगणकात घेतला तर सुमारे १३ जीबी जागा खातो. २००३ साली एच.२६४ नावाची नवी पद्धत प्रमाणित झाली आणि २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक या कंपन्यांनी तिच्यावर आधारलेली एव्हीसीएचडी ही कॅमेऱ्यांची पद्धत आणली. तिची युक्ती अशी : मांडव जागेवरच आहे, खांब जागेवर आहेत, हलतो आहे तो फक्त अक्षता टाकणारा हात. मग प्रत्येक वेळी अख्खा मांडव कशाला लिहायचा? एकदा पूर्ण चित्र लिहायचं आणि पुढे फक्त काय बदललं ते लिहायचं. जागा वाचते, पण वाचणाऱ्याचं काम वाढतं. संगणकाला सेकंदाला पंचवीस वेळा हिशेब करून चित्र पुन्हा उभं करावं लागतं. माझ्या दुकानातल्या विंडोज एक्सपीच्या सोबत आलेल्या प्लेअरला ही लिपीच येत नव्हती. पुढे २००९ च्या विंडोज ७ पासून ती सोबतच मिळू लागली.

एवढं ध्यानात घेतलं की उपाय क्रमानं सुचत जातात. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश सांगतो.

सगळ्यांत आधी नक्कल. काहीही दुरुस्त करायला जाण्यापूर्वी. मेमरी कार्डाच्या कडेला बारीक खटका असतो, तो ‘लॉक’कडे सरकवा, म्हणजे चुकूनही काही पुसलं जाणार नाही. मग कार्डावरचं जे काही आहे ते सगळं संगणकावर उतरवा. नुसत्या मोठ्या फाइली नकोत, पूर्ण फोल्डर घ्या. त्यातल्या बारीक फाइली निरुपयोगी वाटतात, पण कोणता तुकडा कोणाच्या पुढे जोडायचा याची नोंद त्यांत असते. पुढचे सगळे प्रयोग नकलेवर करा. मूळ कार्ड डबीत.

दुसरं, फाइलीचा आकार पाहा. एव्हीसीएचडीच्या चांगल्या चित्रणात मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे एमबी भरतात. दहा मिनिटांची फाइल हजार एमबीच्या आसपास असेल तर निश्चिंत व्हा, माल आत आहे. आकार शून्य दिसला तर मात्र गोष्ट वेगळी, तिच्याकडे शेवटी येतो.

तिसरं, वाचणारा बदला. व्हीएलसी नावाचा प्लेअर फुकट मिळतो. १९९६ साली पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी तो प्रकल्प सुरू केला आणि २००१ पासून तो सगळ्यांसाठी खुला आहे. त्याचा गुण हा, की बहुतेक लिप्या तो पोटात घेऊनच येतो. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याचशा इथेच मिटतात. तो त्यांच्या स्वतःच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. ‘कोडेक पॅक डाउनलोड करा’ असं सांगणाऱ्या भलत्याच ठिकाणी बोट ठेवू नका. तिथून लिपी येते की व्हायरस, याचा भरवसा नाही.

चौथं, व्हिडिओ अडखळत असेल तर तो कुठून चालवता आहात ते पाहा. कार्डावरून किंवा जुन्या पेन ड्राइव्हवरून चालवत असाल तर माल वेळेवर पोचत नसतो. आधी हार्ड डिस्कवर उतरवा, बाकीच्या खिडक्या बंद करा, मग चालवा. तरी अडखळला तर संगणकच अशक्त आहे. तीच फाइल शेजारच्या नव्या संगणकावर लावून पाहा. तिथे सुरळीत चालली, तर दोष कुठे आहे ते तुम्हाला कळलं.

काही तक्रारी तर बिघाडच नसतात. कुणी म्हणतं, हात हलला की कडेला फणीसारखे दात दिसतात. जुन्या टीव्हीची पद्धत अशी होती, की प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत यायचं, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. संगणक दोन्ही अर्धी एकदम दाखवतो, आणि मधल्या काळात हात पुढे सरकलेला असतो, म्हणून ते दात. प्लेअरमध्ये ‘डीइंटरलेस’ असा पर्याय असतो, तो चालू केला की दात जातात. कुणी म्हणतं, सगळी माणसं उंच आणि काटकुळी दिसतात. रुंद पडद्याचं चित्रण चौकोनी पडद्यात कोंबलं गेलेलं असतं. एमओडी नावाच्या फाइलींत हे नेहमी होतं. तिथे प्रमाण सोळाला नऊ असं सांगितलं की वऱ्हाडी मंडळींची तब्येत सुधारते.

कधी भाषण ऐन रंगात तुटतं आणि पुढे काही नाही. घाबरू नका. कॅमेरा लांबलचक चित्रण एका फाइलीत ठेवत नाही, २ किंवा ४ जीबी झाले की पुढचा तुकडा सुरू करतो. पुढच्या क्रमांकाची फाइल लावा, वाक्य तिथून पुढे सुरू होईल. हे तुकडे कॅमेऱ्यासोबत आलेल्या सॉफ्टवेअरनं जोडले तर सांधा कळतही नाही.

पुष्कळ जण एक गंमत करतात. फाइलीच्या नावातलं एमटीएस खोडतात आणि एमपी फोर लिहितात. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतली भाजी बदलत नाही. मोबाइलवर पाहायला एमपी फोर हवीच असेल, तर हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरनं ती रीतसर तयार करा. पण मूळ फाइल फेकू नका. नवी फाइल म्हणजे मोडी कागदाचं बाळबोध लिप्यंतर. ते कितीही सोयीचं असलं तरी मूळ कागद आपण जपूनच ठेवतो.

आता खऱ्या बिघाडाकडे येऊ. चित्रण चालू असताना बॅटरी संपली किंवा कुणी कार्ड ओढून काढलं, तर फाइल अर्धी राहते. एमपी फोरसारख्या डब्यात आतल्या मालाची यादी बहुधा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. यादी लिहायच्या आधीच वीज गेली, तर माल आत असूनही प्लेअरला काही सापडत नाही. अशा फाइलीसाठी दुरुस्तीची साधनं आहेत. त्याच कॅमेऱ्यानं त्याच पद्धतीनं काढलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून दिली, तर तिच्यावरून हरवलेली यादी पुन्हा मांडता येते. दर वेळी जमतंच असं नाही. आणि चुकून पुसलं गेलं असेल, तर त्या कार्डावर नवा एक फोटोसुद्धा काढू नका. पुसलेलं तिथेच असतं, जोवर त्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही. मी २००८ साली नेमकं तेच केलं होतं. पुसलं आणि वर दुसरं लग्न लिहिलं.

लहान डीव्हीडीवर चालणारे कॅमेरेही मध्यंतरी आले होते. त्यांची तबकडी संगणकात रिकामी दिसली तर फेकू नका. चित्रण संपल्यावर तबकडी ‘फायनलाइज’ करायची असते. ती केली नसेल तर संगणकाला ती वाचता येत नाही. ज्या कॅमेऱ्यानं चित्रण केलं त्याच कॅमेऱ्यात घालून ते काम आजही करता येतं, कॅमेरा जिवंत असेल तर.

हा ‘असेल तर’ मोठा आहे. फाइलीची लिपी आज ना उद्या कुणीतरी वाचून देईल. कॅसेटचं तसं नाही, तिला यंत्रच लागतं. व्हीएचएसचे व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिनं २०१६ साली ते बनवणं थांबवलं. मिनी डीव्हीसाठी चालू कॅमेरा आणि फायरवायरचं तोंड असलेला संगणक लागतो, आणि ते तोंड आता नव्या संगणकांत मिळत नाही. सिनेमाची फिल्म उजेडात धरली तर निदान माणूस ओळखू येतो. कॅसेट उजेडात धरून काही दिसत नाही. घरात कॅसेट असतील तर आधी त्या उतरवून घ्या, फाइली त्यानंतर.

शेवटी एक प्रसंग सांगतो. मागच्या उन्हाळ्यात एक बाई दुकानात आल्या. पदराच्या गाठीत पेन ड्राइव्ह होता. म्हणाल्या, ‘भाऊ, याच्यात माहे बाबा हायेत. पण आवाजच नाही येत. पोरगा म्हणते का फाइल करप्ट आहे, पुसून टाक.’ लग्न २०१० सालचं, त्यांच्या धाकट्या बहिणीचं. वडील पुढे दोनच वर्षांत गेले. फोटो घरात होते, पण आवाज कुठेच नव्हता. असलाच तर याच फाइलीत.

मी आधी नक्कल केली. आकार पाहिला, भरपूर होता. त्यांच्या घरच्या प्लेअरला चित्राची लिपी येत होती, आवाजाची नव्हती. आवाज एसी-थ्री नावाच्या पद्धतीत दाबलेला होता. व्हीएलसीमध्ये फाइल लावली. माझा संगणकही आता म्हातारा झालाय, त्यामुळे चित्र अधूनमधून थबकत होतं. पण सनई सुरू झाली, मग भांड्यांचा आवाज, लहान पोरांचा गलका. आणि त्यातून एका माणसाचा खर्जातला आवाज आला, ‘अरे, त्या पंगतीत कढी नाही पोचली! पाहुण्याइले कढी वाढा!’

बस, एवढंच. आशीर्वाद नाही, उपदेश नाही. कढी वाढा. बाई स्टुलावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पुन्हा लावा जी.’ मी लावलं. चार वेळा लावलं. मी त्यांना फाइलीच्या दोन नकला करून दिल्या आणि सांगितलं, एक तुमच्याकडे ठेवा, एक बहिणीकडे द्या. दोन्ही एकाच कपाटात ठेवू नका. त्या निघाल्या तेव्हा मला त्या आजीची आठवण झाली, जी मांडवात एकदाच मिरवली आणि मी पुसून टाकली.

म्हणून श्रोतेहो, एवढीच विनंती. आज रविवार आहे. कपाटातली जुनी हार्ड डिस्क, कार्ड, सीडी बाहेर काढा. एखादी फाइल चालली नाही तर रागानं डिलीटवर बोट नेऊ नका. आधी नक्कल करा, मग दुसऱ्या प्लेअरमध्ये लावा, मग दुसऱ्या संगणकावर. तरीही नाही चाललं, तर तशीच ठेवून द्या. आज ज्याला वाचता येत नाही, त्याला उद्या वाचता येईल. पुसलेलं मात्र कुणालाच वाचता येत नाही.